मधुमेहात अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल घ्याव्यात, की आवळा-द्राक्षांवर भागेल?

गंगापूररोडकर (प्रश्न)

नमस्कार. माझे वय ५६ आहे आणि नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी देखभाल विभागात काम करतो. सहा वर्षांपूर्वी टाइप २ मधुमेहाचे निदान झाले आणि तेव्हापासून मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ सुरू आहे. गेल्या महिन्यात एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी, ७.६ टक्के आले. त्याआधीच्या तपासणीत ते ७.१ होते. डोळ्यांची तपासणी आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी ठीक आहे, मात्र काही महिन्यांपासून रात्री अंथरुणावर पडले की तळपायांना मुंग्या येतात. त्यासाठी डॉक्टरांनी अल्फा लिपोइक आम्ल आणि मिथाइलकोबालामिन एकत्र असलेली गोळी लिहून दिली आहे.

माझे मेहुणे जोडधंदा म्हणून पूरक आहाराच्या कॅप्सूल विकतात. त्या कॅप्सूलमध्ये क आणि ई जीवनसत्त्व, बीटा कॅरोटीन, सेलेनियम आणि द्राक्षबियांचा अर्क आहे आणि महिन्याचा खर्च सुमारे १,८०० रुपये येतो. त्यांचे म्हणणे असे, की मधुमेह म्हणजे शरीराला आतून लागलेला गंज आहे आणि लोखंडाला रंग दिल्यावर गंज जसा थांबतो, तसे अँटिऑक्सिडंट पेशींना वाचवतात. यंत्रांना गंजरोधक लेप देण्यात माझी तीस वर्षे गेली असल्यामुळे हा दृष्टान्त मला लगेच पटला, आणि त्याच कारणाने शंकाही आली, कारण वरून पाणी गळत असताना लेप देऊन काही उपयोग होत नाही, हे मी रोज पाहतो.

घरी पत्नी सकाळी आवळ्याचा रस देते. निफाडच्या मामेभावाने द्राक्षांची पेटी पाठवली आहे, ती मात्र माझ्यापुरती बंद आहे, कारण मधुमेह असलेल्याने द्राक्षाला हातही लावू नये, असे शेजारी एकाने ठामपणे सांगितले. तेव्हा जाणकारांना विचारावेसे वाटते, की गंजाची ही कल्पना शास्त्राला धरून आहे का. असल्यास कॅप्सूल घेण्यात गैर काय. आणि ज्या द्राक्षाच्या बियांचा अर्क औषध म्हणून विकला जातो, ते द्राक्ष मात्र विष कसे ठरते?


जीवरसायनाचा निवृत्त प्राध्यापक (पहिला प्रतिसाद)

आपल्या मेहुण्यांचे निम्मे म्हणणे खरे आहे, आणि निम्मे खरे असल्यामुळेच ते खोडून काढणे अवघड जाते. पेशीतील तंतुकणिका (मायटोकाँड्रिया) ग्लुकोजपासून ऊर्जा मिळवताना इलेक्ट्रॉन एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर पाठवत असतात आणि त्यातले थोडे वाटेत निसटून ऑक्सिजनला चिकटतात. त्यातून सुपरऑक्साइड हे मुक्त मूलक (फ्री रॅडिकल), म्हणजे आसपासच्या रेणूंना इजा करणारा अस्थिर रेणू, तयार होते. रक्तातील साखर सतत चढी राहिली, की हे निसटणे वाढते. अमेरिकेतील मायकेल ब्राउनली यांनी २००१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात याची जी मांडणी केली, तिचा गाभा असा, की दृष्टिपटल, मूत्रपिंड आणि मज्जातंतू यांची हानी करणाऱ्या, तोवर वेगवेगळ्या समजल्या जाणाऱ्या चार रासायनिक वाटांच्या मुळाशी हेच जादा सुपरऑक्साइड आहे. शिवाय इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडातील बीटा पेशींमध्ये कॅटलेजसारखी संरक्षक विकरे (एन्झाइम) मुळातच फार कमी असतात, त्यामुळे या माऱ्यापुढे त्या लवकर हतबल होतात. तेव्हा गंज आहे, याबद्दल दुमत नाही.

हे कळल्यावर अँटिऑक्सिडंट देऊन पाहावे, असे वैद्यकातील मोठमोठ्या लोकांनाही वाटले. त्यांनी ते खरोखरच करून पाहिले आणि ही गोष्ट मेहुण्यांच्या माहितीपत्रकात नसणार, हे मी न पाहता सांगतो. ‘होप’ नावाच्या चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्या ९,५४१ जणांपैकी काहींना रोज ४०० एकक ई जीवनसत्त्व आणि काहींना निष्क्रिय गोळी देऊन सुमारे साडेचार वर्षे पाहण्यात आले. त्यांत साडेतीन हजारांहून अधिक मधुमेही होते. २००० साली निष्कर्ष आले, तेव्हा हृदयविकारात फरक नव्हता आणि मधुमेह्यांच्या मूत्रपिंडांनाही त्याचा फायदा झालेला नव्हता. हीच मंडळी पुढे आणखी काही वर्षे अभ्यासली गेली, तेव्हा २००५ च्या अहवालात ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हृदय निकामी होण्याचे प्रमाण उलट जास्त आढळले. बीटा कॅरोटीनचा अनुभव याहून वेगळा नाही. अमेरिकेतील २२,०७१ पुरुष डॉक्टरांच्या अभ्यासात ते एक दिवसाआड १२ वर्षे देण्यात आले, तरी मधुमेह होण्याचे प्रमाण कमी झाले नाही. आणि फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत, १९९४ च्या अहवालानुसार, बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक झाला. आपण विडी-सिगारेट ओढत असाल, तर त्या कॅप्सूलला नकार देण्यासाठी एवढे एकच कारण पुरेसे आहे.

सेलेनियमबद्दल तर आपण विशेष सावध राहावे. त्वचेच्या कर्करोगासाठी आखलेल्या एका अमेरिकी चाचणीतील लोकांचा मधुमेहाच्या दृष्टीने पुन्हा अभ्यास करून २००७ मध्ये जे प्रसिद्ध झाले, त्यानुसार रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम घेणाऱ्यांत टाइप २ मधुमेहाचे प्रमाण सुमारे दीडपट होते. नंतरच्या ‘सिलेक्ट’ या बऱ्याच मोठ्या चाचणीत ही वाढ तितकी ठळक दिसली नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण मधुमेह आटोक्यात येईल असा पुरावा त्या चाचणीतूनही मिळाला नाही.

हे असे का होते, याचा विचार मी वर्गात शिकवतानाही बराच केला आहे. पहिले कारण आपणच गळतीच्या रूपाने मांडले आहे. क जीवनसत्त्वाचा रेणू मुक्त मूलकाला शांत करताना स्वतः खर्ची पडतो आणि त्याला पुन्हा पूर्ववत करावे लागते, तर शरीरातले सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर तेच काम न थकता सेकंदाला असंख्य वेळा करते. १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी त्याचे कार्य उलगडले, तेव्हापासून हे ठाऊक आहे. साखर चढीच असेल, तर मूलके तयार होणे थांबत नाही. गोदावरीचे पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लागले असताना धरणातील विसर्ग कमी करायचा की काठावर उभे राहून बादलीने पाणी उपसायचे, एवढाच हा प्रश्न आहे.

दुसरे कारण जास्त रंजक आहे. मुक्त मूलके म्हणजे केवळ कचरा नव्हे. पेशी त्यांचा निरोप्यासारखा उपयोग करते. जर्मनीतील मिखाएल रिस्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला आणि त्यांतल्या निम्म्यांना रोज १,००० मिलिग्रॅम क आणि ४०० एकक ई जीवनसत्त्व दिले. व्यायामामुळे इन्सुलिनची परिणामकारकता वाढते, ती केवळ गोळ्या न घेणाऱ्यांत वाढली. व्यायामात स्नायूंत तयार होणारी मूलकेच शरीराला आपली संरक्षक विकरे वाढवण्याचा इशारा देत होती आणि गोळ्यांनी तो इशाराच दाबून टाकला. आपण सकाळी सोमेश्वरपर्यंत चालत जाऊन आल्यावर ती कॅप्सूल घेतलीत, तर पायपिटीचा थोडा लाभ आपणच पुसून टाकाल, अशी शक्यता यातून पुढे येते. प्रयोग लहान होता आणि त्यात मधुमेही नव्हते, म्हणून यापलीकडे मी ताणणार नाही.


आहारतज्ज्ञ, नाशिक रोड (दुसरा प्रतिसाद)

प्राध्यापक सरांनी गोळ्यांचे सांगितले, मी ताटातले सांगते. गोळ्या निष्फळ ठरल्या, म्हणून भाज्या-फळेही निरुपयोगी असा अर्थ कुणी काढू नये. युरोपातील आठ देशांत झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्यांच्या रक्तात क जीवनसत्त्व आणि कॅरोटिनॉइड (भाज्या-फळांतील पिवळी-केशरी रंगद्रव्ये) यांचे प्रमाण जास्त होते, त्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका कमी आढळला. ते प्रमाण बहुतांशी आहारातल्या फळे-भाज्यांचे द्योतक असते आणि फळ-भाजीसोबत तंतू, पोटॅशियम, पाणी आणि पोट भरल्याची जाणीव हे सगळे येते. शिवाय तेवढी जागा दुसरे काही खाण्यासाठी उरत नाही. त्यातला नेमका कोणता घटक किती काम करतो, हे वेगळे काढता येत नाही, आणि काढून कॅप्सूलमध्ये भरले की काय होते, ते सरांनी वर लिहिलेच आहे.

दादा, आवळ्याबद्दल वहिनींना माझ्याकडून शाबासकी द्या, पण रसाऐवजी आवळाच खावा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम आवळ्यात क जीवनसत्त्व साधारण २५० मिलिग्रॅम असते आणि प्रौढ पुरुषाची रोजची गरज २०२० च्या शिफारशीनुसार ८० मिलिग्रॅम आहे. म्हणजे एक मध्यम आवळा किसून कोशिंबिरीत घातला, की दिवसाची गरज भागते. पेरूतही ते जवळपास तितकेच असते. बाटलीतला तयार रस आणत असाल, तर त्यात साखर घातली आहे का, ते लेबलवर वाचावे. मोरावळ्याला मात्र आवळा म्हणू नये. तो आवळ्याच्या आकाराचा साखरेचा पाक आहे आणि च्यवनप्राशाची गोष्टही फार वेगळी नाही. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक जणांची साखर थंडीत चढते, तेव्हा मी आधी या दोन बरण्यांची चौकशी करते.

द्राक्ष विष नाही. त्यात १०० ग्रॅममागे साधारण १६ ग्रॅम साखर असते, म्हणून वाटीभर खात बसलो, तर रक्तातील साखर चढणारच. पण ८० ग्रॅमच्या आसपास द्राक्षे दुपारी चार वाजता, बिस्किटांच्या ऐवजी खाल्ली, तर हिशेब जमतो. ‘ऐवजी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जेवणानंतर वरून नव्हे. अमेरिकेतील १,८७,३८२ लोकांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अख्खी द्राक्षे, सफरचंदे आणि ब्लूबेरी खाणाऱ्यांना मधुमेहाचा धोका कमी, तर फळांचे रस पिणाऱ्यांना अधिक आढळला होता. आपल्याकडे ग्लुकोमीटर असेल, तर खाण्यापूर्वी आणि दोन तासांनी एकेकदा मोजा. शेजाऱ्यांच्या मतापेक्षा तो आकडा खरा.

एक सूचना ग्लुकोमीटरबद्दलच. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेतल्या, तर काही ग्लुकोमीटर आणि दंडावर लावायचे सेन्सर साखर असते त्याहून जास्त दाखवू शकतात. आवळा-पेरूने असे होत नाही, कारण ती मात्रा तेवढी नसते.

आता नागलीबद्दल, म्हणजे नाचणीबद्दल, कारण हल्ली पेठ-सुरगाण्याची नागली घेऊन ‘मधुमेहावर रामबाण’ म्हणून विकण्याची लाट आहे. नागलीच्या तांबूस टरफलात पॉलिफेनॉल ही वनस्पतींतील अँटिऑक्सिडंट द्रव्ये भरपूर असतात आणि तंतूही चांगले असतात, म्हणून ती मैद्याहून केव्हाही सरस. पण नागलीचे सत्त्व काढताना तेच टरफल गाळून टाकले जाते आणि उरते ते पटकन पचणारे पिठूळ द्रव्य. भाकरीही एकच खावी. गव्हाच्या दोन पोळ्या सोडून नागलीच्या तीन भाकऱ्या खाणारे लोक माझ्या पाहण्यात आहेत आणि नंतर ते नागलीला दोष देतात. कांदा सोलताना लाल रंगाचे बाहेरचे जाड पापुद्रे उगाच दोन-दोन काढू नयेत, कारण क्वेरसेटिन हे असेच एक द्रव्य बाहेरच्या पापुद्र्यांतच जास्त असते. टोमॅटो मात्र थोड्या तेलात शिजवलेलाच बरा; त्यातले लायकोपीन हे लाल रंगद्रव्य तसे चांगले शोषले जाते. मिसळीच्या तर्रीत टोमॅटो-कांदा दोन्ही असतात, हा युक्तिवाद मी रोज ऐकते, तेव्हा तो कृपया नको. माझे भांडण सोबतच्या पावाशी आणि वरच्या शेवेशी आहे.


निफाडचा बागायतदार (तिसरा प्रतिसाद)

ताईंचे बरोबर आहे, फक्त मणी मोजून द्राक्षे खाऊ नका, वजन करून खा. जिबरेलिक आम्लाची फवारणी आणि विरळणी करून आम्ही मणी फुगवतो, त्यामुळे एका बागेतले पंधरा मणी दुसऱ्या बागेतल्या पंचवीस मण्यांच्या वजनाचे भरू शकतात. दुसरे असे, की गोडी आम्ही ब्रिक्समध्ये मोजतो आणि ब्रिक्स म्हणजे बहुतांश साखरच. हंगामाच्या सुरुवातीला १७-१८ ब्रिक्सला तोडलेला माल आणि वेलीवर राखून मार्च-एप्रिलमध्ये २१-२२ ब्रिक्सला उतरवलेला माल यांत साखरेचा चांगलाच फरक पडतो. मधुमेह असणाऱ्याने त्या उशिराच्या मालाचे प्रमाण आणखी कमी करावे.

काळ्या वाणांच्या, म्हणजे शरद सीडलेससारख्या द्राक्षांच्या सालीत जांभळे रंगद्रव्य असते, ते पांढऱ्या द्राक्षांत नसते. द्राक्षांतल्या रेझवेराट्रॉल या अँटिऑक्सिडंटचा गवगवा खूप होतो. बुरशीचा हल्ला झाला, की वेल स्वतःच्या बचावासाठी ते तयार करते. मात्र ते इतके कमी असते, की लिटरभर लाल वाइनमध्येही मोजके काही मिलिग्रॅमच मिळते, तर औषध म्हणून चाचण्या करताना दिवसाला शेकडो मिलिग्रॅम दिले गेले. तेव्हा ‘आरोग्यासाठी वाइन’ हे वाक्य आमच्या जिल्ह्याच्या अर्थकारणाला सोयीचे असले, तरी मधुमेह्याने त्यावर विसंबू नये. आणि पेटीतली द्राक्षे उरली म्हणून वाळवून बेदाणे करून ठेवू नका. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो, साखर मात्र सगळीच्या सगळी त्यात राहते.

आपल्या पेटीतला माल बिनबियांचा असणार. मेहुण्यांच्या कॅप्सूलमधला बियांचा अर्क सहसा वाइन गाळून उरलेल्या चोथ्यातल्या बियांपासून निघतो, त्यामुळे त्या पेटीचा आणि त्या कॅप्सूलचा तसा काही संबंध नाही.


गंगापूररोडकर

सर्वांचा आभारी आहे. मी धूम्रपान करत नाही. कॅप्सूलचा विषय मात्र संपला. पण एक राहिले. अल्फा लिपोइक आम्ल हेही अँटिऑक्सिडंटच आहे, असे त्या गोळीच्या पाकिटातील चिठ्ठीवर लिहिलेले आहे. मग डॉक्टरांनी दिलेली गोळीही मेहुण्यांच्या कॅप्सूलच्याच जातीची समजायची का?


पंचवटीतील डॉक्टर (चौथा प्रतिसाद)

नाही, पण प्रश्न रास्त आहे. मज्जातंतूंच्या त्रासावर अल्फा लिपोइक आम्लाच्या स्वतंत्र चाचण्या झालेल्या आहेत. ‘सिडनी २’ या २००६ च्या चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅम पाच आठवडे दिल्यावर जळजळ, मुंग्या आणि वेदना निष्क्रिय गोळीच्या तुलनेत कमी झाल्या. ‘नेथन १’ या चार वर्षांच्या चाचणीत मात्र मुख्य निकषावर फरक सिद्ध झाला नाही, जरी काही गौण निकषांत सुधारणा दिसली. म्हणून मी ती त्रास सुसह्य करण्यासाठी काही काळ देतो. मज्जातंतू पूर्ववत होतील, असे आश्वासन देत नाही आणि वर्षानुवर्षे चालूही ठेवत नाही. क्वचित एखाद्याला या औषधाने साखर अचानक फार उतरण्याचा त्रास होऊ शकतो, तेव्हा अकारण घाम सुटून थरथर झाल्यास साखर मोजून डॉक्टरांना कळवावे.

मला आपल्या पत्रातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आपण सहा वर्षे मेटफॉर्मिन घेत आहात आणि मेटफॉर्मिनमुळे बी-१२ चे शोषण कमी होते. आपण शाकाहारी असाल, तर ही उणीव आणखी लवकर येते. बी-१२ च्या कमतरतेनेही तळपायांना अशाच मुंग्या येतात आणि त्या मधुमेहाच्या खाती जमा होतात. मिथाइलकोबालामिन हे बी-१२ चेच एक रूप आहे, त्यामुळे गोळी सुरू केल्यावर तपासणी केली, तर आकडा मूळ स्थितीपेक्षा चांगला दिसेल. गोळी अजून सुरू केली नसेल, तर आधी रक्त द्या. मेटफॉर्मिन मुळीच बंद करू नका. उलट आपली दिवसाची मात्रा एक ग्रॅमच आहे आणि एचबीए१सी वाढत चालले आहे, म्हणून मूत्रपिंडाच्या तपासणीचा अहवाल दाखवून मात्रा वाढवता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. प्राध्यापक साहेबांनी सांगितलेला विसर्ग तिथूनच कमी व्हायचा आहे.

अँटिऑक्सिडंटच्या सरसकट गोळ्यांची शिफारस अमेरिकन डायबेटिस असोसिएशनही करत नाही. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनसारखी औषधे चालू असलेल्यांनी ई जीवनसत्त्वाची मोठी मात्रा तर विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये. रोज रात्री तळपाय आरशात पाहत जा आणि उन्हाळ्यात गोदाघाटावर अनवाणी फिरू नका. संवेदना कमी झालेल्या पायाला तापलेला दगड कळत नाही.


गंगापूररोडकर (तीन आठवड्यांनंतर)

डॉक्टर साहेब, मी शाकाहारीच आहे. गोळी सुरू करण्यापूर्वी रक्त दिले. बी-१२ चा आकडा १५८ आला, प्रयोगशाळेची खालची मर्यादा २०० च्या आसपास होती. इंजेक्शने सुरू झाली आहेत. मुंग्यांबद्दल अजून काही सांगता येण्यासारखे नाही. मेटफॉर्मिनची मात्रा वाढवून दिवसाला दीड ग्रॅम केली आहे आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा तपासायचे आहे.

द्राक्षे स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून ८० ग्रॅम खाल्ली. खाण्यापूर्वी साखर १३१ होती, दोन तासांनी १५८ भरली. बिस्किटांच्या दिवशी हाच आकडा १८७ होता. मेहुण्यांनी कॅप्सूलचे दोन डबे परत नेले, पेटीतली निम्मी द्राक्षेही सोबत नेली.